पंप, पाणी आणि समदूर बिंदू : डॉ. जॉन स्नो यांचे जीवनकार्य

कागदावर एक रेषाखंड काढावा. कंपासचे टोक त्याच्या एका अंत्यबिंदूवर ठेवावे आणि रेषाखंडाच्या निम्म्याहून थोडे अधिक अंतर घेऊन वर व खाली एकेक कंस काढावा. तेच अंतर कायम ठेवून दुसऱ्या अंत्यबिंदूवरूनही तसेच कंस काढावेत. हे कंस परस्परांना ज्या दोन बिंदूंत छेदतात ते बिंदू जोडले की रेषाखंडाचा लंबदुभाजक तयार होतो. ही रचना शाळेत असताना बहुतेकांनी कधी ना कधी केलेली असते. अंतर निम्म्याहून कमी घेतले तर कंस एकमेकांपर्यंत पोहोचतच नाहीत, हेही अनेकांना पहिल्या प्रयत्नातच उमगलेले असते. मात्र या रेषेचे खरे वैशिष्ट्य ती काटकोनात उभी आहे किंवा रेषाखंडाचे दोन समान भाग करते, एवढेच नाही. तिच्यावरील कोणताही बिंदू घेतला तरी तो दोन्ही अंत्यबिंदूंपासून सारख्याच अंतरावर असतो. त्या बिंदूपासून दोन्ही टोकांकडे रेषा काढल्या तर लंबदुभाजकाच्या दोन्ही बाजूंस दोन काटकोन त्रिकोण होतात. त्यांची एक बाजू सामाईक, दुसरी बाजू अर्ध्या रेषाखंडाएवढी आणि त्यांमधील कोन काटकोन असल्यामुळे ते एकरूप असतात. म्हणून उरलेल्या बाजूही समान ठरतात. याचा व्यत्यासही तितकाच खरा आहे. दोन टोकांपासून समदूर असलेला एकही बिंदू या रेषेबाहेर सापडत नाही. रेषेच्या अलीकडे असलेला प्रत्येक बिंदू एका टोकाला जवळचा असतो आणि पलीकडचा प्रत्येक बिंदू दुसऱ्या टोकाला.

युक्लिडच्या काळापासून ज्ञात असलेला हा गुणधर्म एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लंडनच्या एका दाट वस्तीत माणसांच्या जगण्या-मरण्याच्या प्रश्नाला लावला गेला. तो लावणारा गृहस्थ गणिती नव्हता. तो रुग्णांना गुंगीचे औषध देणारा वैद्य होता. त्या वैद्याचे, डॉ. जॉन स्नो यांचे, चरित्र आरोग्यशास्त्राच्या इतिहासात मानाचे स्थान पटकावून बसले आहे. परंतु त्यात भूमितीला असलेले स्थान सहसा ओझरतेच सांगितले जाते.

जॉन स्नो यांचा जन्म १५ मार्च १८१३ रोजी इंग्लंडच्या उत्तरेकडील यॉर्क या शहरात झाला. वडील विल्यम हे मजुरी करणारे गृहस्थ होते. पुढे कष्टाने त्यांनी शेती केली. नऊ भावंडांत जॉन थोरले. घर नदीकाठच्या गरीब वस्तीत होते. शाळेत अंकगणितात त्यांची विशेष गती होती. कुटुंबाच्या परिस्थितीत महाविद्यालयीन शिक्षणाचा विचार संभवत नव्हता. म्हणून त्या काळच्या रीतीप्रमाणे वयाच्या चौदाव्या वर्षी, १८२७ मध्ये, त्यांना न्यूकॅसल येथील विल्यम हार्डकॅसल या शल्यवैद्याकडे उमेदवारीसाठी ठेवण्यात आले.

याच उमेदवारीच्या काळात त्यांच्या आयुष्याला दिशा देणाऱ्या दोन गोष्टी घडल्या. पहिली म्हणजे वयाच्या सतराव्या वर्षी जॉन फ्रँक न्यूटन या लेखकाचे शाकाहाराचा पुरस्कार करणारे पुस्तक त्यांच्या वाचनात आले आणि त्यांनी मांसाहार सोडला. ज्या समाजात मांसावाचून जेवणाची कल्पना कोणी करीत नसे, तेथे एका उमेदवार मुलाने हा निश्चय करून तो अनेक वर्षे पाळावा, ही सामान्य गोष्ट नव्हे. पुढे त्यांनी मद्यही वर्ज्य केले आणि १८३६ मध्ये मद्यपानाविरुद्ध जाहीर भाषणही दिले. चाळिशीच्या आधीच मूत्रपिंडाच्या विकाराने प्रकृती खालावली, तेव्हा हे दोन्ही नियम त्यांना शिथिल करावे लागले, हेही येथे नमूद करणे उचित ठरेल. पिण्याच्या पाण्याविषयीचा काटेकोरपणा मात्र त्यांनी सोडला नाही. शुद्ध केलेले पाणीच ते पीत. पाण्यातून रोग पसरतो असे वैद्यकशास्त्र म्हणू लागण्याच्या कितीतरी आधीपासूनची त्यांची ही सवय होती.

दुसरी घटना १८३१-३२ सालची. १८१७ मध्ये बंगालमधील जेसोर भागातून उसळलेली पटकीची साथ वर्षानुवर्षे पश्चिमेकडे सरकत १८३१ च्या ऑक्टोबरात इंग्लंडच्या संडरलँड बंदरात येऊन पोहोचली. आपल्याकडे गावोगावी मरीआईचा कोप म्हणून जी ओळखली गेली, तीच ही व्याधी. न्यूकॅसलजवळच्या किलिंगवर्थ येथील कोळशाच्या खाणीत साथ शिरली, तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांच्या स्नो यांना कामगारांच्या शुश्रूषेसाठी धाडण्यात आले. औषध असे काहीच नव्हते. त्यांनी पाहिले ते असे की, खाणीतील माणसे आठ-नऊ तास जमिनीखाली राहतात, तेथे शौचाची सोय नाही, हात धुण्यास पाणी नाही आणि बरोबर आणलेली शिदोरी त्याच हातांनी खावी लागते. हे निरीक्षण त्यांच्या मनात दीर्घकाळ राहिले आणि पुढे त्यांच्या ग्रंथात उतरले.

१८३६ मध्ये स्नो लंडनला आले. प्रवासाचा बराच भाग त्यांनी पायीच केला. हंटेरियन वैद्यकशाळा आणि वेस्टमिन्स्टर रुग्णालय येथे शिक्षण घेऊन १८३८ मध्ये ते शल्यवैद्य झाले. सोहो भागातील फ्रिथ स्ट्रीटवर त्यांनी व्यवसाय मांडला. लंडन विद्यापीठाची एम. डी. पदवी त्यांनी १८४४ मध्ये मिळविली. ते अविवाहित राहिले. स्वभाव अबोल, आवाज घोगरा, राहणी साधी. त्यामुळे त्यांच्याकडे रुग्णांची रीघ लागली असे काही झाले नाही. परंतु १८४६ च्या अखेरीस शस्त्रक्रियेच्या वेळी ईथर हुंगवून रुग्णाला बेशुद्ध करण्याची पद्धत अमेरिकेतून आली, तेव्हा तिच्यातील धोका आणि शक्यता दोन्ही स्नो यांनी तत्काळ ओळखल्या. कोणत्या तापमानास हवेत ईथरचे किती प्रमाण राहते याची कोष्टके त्यांनी तयार केली, मात्रा नियंत्रित करणारे उपकरण बनविले आणि काही महिन्यांतच, १८४७ मध्ये, त्यावर पुस्तक लिहिले. क्लोरोफॉर्मचा वापरही त्यांनी तितक्याच काळजीने केला. ७ एप्रिल १८५३ रोजी राजपुत्र लिओपोल्ड यांच्या आणि १४ एप्रिल १८५७ रोजी राजकन्या बिअ‍ॅट्रिस यांच्या जन्मावेळी राणी व्हिक्टोरिया यांना क्लोरोफॉर्म देण्याचे काम त्यांच्याकडेच सोपविण्यात आले होते. हयातीत त्यांची ख्याती होती ती या विद्येमुळेच.

वायूंच्या या अभ्यासामुळेच पटकीविषयीच्या प्रचलित मतावर त्यांचा विश्वास बसेना. कुजक्या पदार्थांतून निघणारी दूषित हवा हेच साथीचे कारण, असे त्या काळचे बहुतेक विद्वान आणि अधिकारी मानीत. वायू मोकळ्या हवेत किती झपाट्याने विरळ होतो हे स्नो यांना कोष्टकांवरून ठाऊक होते. शिवाय रोग हवेतून येत असेल तर त्याचा पहिला आघात फुप्फुसांवर किंवा रक्तावर व्हावयास हवा. पटकी तर आतड्यांतून सुरू होते. म्हणजे रोगाचे बीज तोंडावाटे पोटात जात असले पाहिजे आणि रुग्णाच्या मलातून ते पाण्यात मिसळत असले पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी १८४९ मध्ये एका छोट्या पुस्तिकेद्वारे मांडला. त्याला फारसा प्रतिसाद मिळाला नाही. विचार सुसंगत होता, पण पुरावा तुटपुंजा होता, आणि टीकाकारांचे हे म्हणणे अगदीच अन्यायाचे नव्हते.

पुरावा देणारा दुर्दैवी प्रसंग पाच वर्षांनी स्नो यांच्या घरापासून जवळच ओढवला. ३१ ऑगस्ट १८५४ च्या रात्री सोहोतील ब्रॉड स्ट्रीटच्या परिसरात पटकीचा स्फोट झाला. दहा दिवसांत, त्या रस्त्यावरील एका चौकापासून सुमारे २५० यार्डांच्या आत, पाचशेहून अधिक माणसे दगावली. सहा दिवसांच्या आत सर्वाधिक पीडित रस्त्यांवरील तीन-चतुर्थांशाहून अधिक रहिवासी घरे सोडून निघून गेले. त्या काळी लंडनच्या अनेक वस्त्यांत घरोघरी नळ नव्हते. रस्त्यांच्या कडेला विहिरींवर बसविलेले हातपंप असत आणि लोक तेथून पाणी भरून नेत. ब्रॉड स्ट्रीटवरील पंप असाच एक. त्याचे पाणी थंड आणि चवीला चांगले म्हणून लोकांना विशेष आवडे.

स्नो यांनी ३ सप्टेंबरच्या संध्याकाळी त्या पंपाचे पाणी तपासले. त्यात डोळ्यांना दिसेल अशी अशुद्धता फारच थोडी होती. तेव्हा निष्कर्ष काढण्यास ते धजले नाहीत. त्यांनी मृत्यूनोंदणी कार्यालयातून त्या आठवड्यातील मृतांची यादी मागवून घेतली. साथीच्या पहिल्या तीन दिवसांतील ८३ मृत्यू वेगळे काढले आणि यादी हातात घेऊन ते त्या गल्ल्यांत शिरले. बहुतेक सर्व घरे ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाच्या आसपासची निघाली. दुसऱ्या एखाद्या पंपाला निश्चितपणे अधिक जवळ असलेल्या घरांतील मृत्यू होते केवळ दहा.

या ठिकाणी लंबदुभाजकाचा गुणधर्म कामी आला. कोणत्या घराला कोणता पंप जवळचा, हा प्रश्न म्हणजे ते घर दोन पंपांपासून समदूर असलेल्या रेषेच्या कोणत्या बाजूस पडते, हाच प्रश्न होय. दोन पंप हे रेषाखंडाचे दोन अंत्यबिंदू मानले, तर त्यांचा लंबदुभाजक वस्तीचे दोन भाग करतो. एका भागातील लोकांना पहिला पंप सोयीचा, दुसऱ्या भागातील लोकांना दुसरा. पंप अनेक असतील तर मधल्या पंपाची आणि प्रत्येक शेजारच्या पंपाची अशी जोडी घेऊन तितके लंबदुभाजक काढावेत. त्या सर्व रेषांनी वेढलेली एक बहुभुजाकृती मधल्या पंपाभोवती उरते. ती त्या पंपाची हद्द. तिच्या प्रत्येक शिरोबिंदूजवळ साधारणपणे तीन पंपांच्या हद्दी मिळतात आणि तो बिंदू त्या तिन्ही पंपांपासून सारख्याच अंतरावर असतो. त्रिकोणाच्या तीन बाजूंचे लंबदुभाजक एकाच बिंदूत मिळतात आणि त्या बिंदूवर कंपास ठेवून तिन्ही शिरोबिंदूंतून जाणारे परिवर्तुळ काढता येते, हे जे शाळेत शिकविले जाते, तेच येथे रस्त्यावर उतरलेले दिसते.

पण शहरातील माणूस कागदावरच्या रेषेसारखा सरळ चालू शकत नाही. त्याला भिंती, वाडे, बंद गल्ल्या आडव्या येतात. नकाशावर हाकेच्या अंतरावर दिसणारा पंप प्रत्यक्षात मोठा वळसा घालून गाठावा लागतो. रूपर्ट स्ट्रीटवरील पंपाची स्थिती अशीच होती. काही गल्ल्या नकाशावर त्याला चिकटून दिसत, परंतु तेथील रहिवाशांना त्या पंपापर्यंत जाण्याचा मार्ग फार फेऱ्याचा होता. निव्वळ पट्टी आणि कंपास वापरून काढलेला लंबदुभाजक अशी घरे चुकीच्या बाजूस टाकील, हे स्नो यांनी ओळखले. म्हणून त्यांनी सरळ अंतराऐवजी पायी चालण्याचे सर्वांत जवळच्या वाटेने होणारे अंतर धरले. समजा, दोन पंपांना जोडणारी सर्वांत जवळची वाट ४०० पावलांची आहे. तर त्या वाटेवर २०० पावलांवरचा बिंदू समदूर झाला. अशा प्रत्येक वाटेवरचा मधला बिंदू मोजून काढावयाचा, आडगल्ल्यांतही दोन्हीकडची अंतरे मोजून पाहावयाची आणि हे सारे बिंदू एका रेषेने सांधावयाचे. अशा रीतीने मिळणारी रेषा सरळ राहत नाही. ती वेडीवाकडी होते, कोठे आत येते तर कोठे बाहेर फुगते. मात्र समदूर बिंदूंचा संच म्हणून तिचे नाते लंबदुभाजकाशीच आहे. १८५५ मध्ये पॅरिशच्या कॉलरा चौकशी समितीच्या अहवालासाठी स्नो यांनी जो सुधारित नकाशा दिला, त्यावर ही रेषा ठिपक्यांनी दाखविलेली आहे. प्रत्येक मृत्यूसाठी त्या त्या घरापाशी एक छोटी आडवी काळी रेघ आणि त्यांच्याभोवती ही ठिपक्यांची रेषा. रेघांची दाटी पंपापाशी सर्वाधिक आहे आणि दुसऱ्या पंपाकडे जाणे जेथे निश्चितपणे सोयीचे ठरते तेथे त्या अगदी विरळ होतात किंवा थांबतात.

याविषयी एक गैरसमज रूढ आहे तो येथेच दूर केलेला बरा. स्नो यांनी नकाशा काढला, त्यावर टिंबे मांडली आणि त्यावरून एकाएकी त्यांना रोगाचे मूळ सापडले, असे अनेक ठिकाणी वाचावयास मिळते. वस्तुस्थिती तशी नाही. पाण्याविषयीचा संशय पाच वर्षांपूर्वीचा होता. घरोघर चौकशी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात झाली. नकाशा त्यानंतर तयार होऊन ४ डिसेंबर १८५४ रोजी लंडनच्या साथरोग संस्थेत प्रथम दाखविण्यात आला आणि समदूर रेषा त्याच्याही नंतर आली. परंतु जवळच्या पंपाची कल्पना पहिल्या दिवसापासून त्यांच्या चौकशीत होती. कागदावर उमटण्याआधी ती रेषा त्यांनी पायांनी मोजली होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

या रेषेने काहीही सिद्ध केले नाही, हेही तितकेच खरे. पंपाजवळ मृत्यू अधिक झाले, एवढ्यावरून पाणीच दोषी ठरत नाही. त्याच ठिकाणी हवाही दूषित असू शकेल, असे प्रतिपक्षाला म्हणता येत होते आणि तो म्हणतही होता. रेषेने साधले ते वेगळेच. कोणाच्या दारावर थाप मारावयाची हे तिने सांगितले. रेषेच्या बाहेर पडूनही जे मेले आणि रेषेच्या आत राहूनही जे वाचले, त्यांची नावे तिने वेगळी काढून दिली. स्नो यांची थोरवी ही की, आपल्या मताला अनुकूल असलेल्या दाटीत ते रमले नाहीत; प्रतिकूल दिसणाऱ्या तुरळक घरांकडे आधी वळले.

बाहेरच्या त्या दहा मृत्यूंपैकी पाच कुटुंबांच्या नातलगांनी सांगितले की, जवळचा पंप सोडून ते नेहमी ब्रॉड स्ट्रीटचेच पाणी आणीत. ते त्यांना अधिक आवडे. आणखी तीन मृत्यू मुलांचे होते. ती मुले ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाजवळील शाळेत जात. त्यांपैकी दोघे ते पाणी पीत असल्याचे निश्चित कळले आणि तिसऱ्याच्या पालकांनाही तसेच वाटत होते. उरलेले दोन मृत्यू साथ नसतानाही घडू शकले असते इतक्या संख्येचे होते. मार्लबरो स्ट्रीटच्या पंपाजवळही काही मृत्यू दिसत. तेथे चौकशी करता कळले की, त्या पंपाचे पाणी इतके घाण होते की लोक ते टाळीत आणि ब्रॉड स्ट्रीटकडे जात. म्हणजे समदूर रेषा पावलांचे गणित सांगते; जिभेची आवड तिच्यात मोजलेली नसते. रेषेच्या आतील ७३ मृत्यूंपैकी ६१ व्यक्ती त्या पंपाचे पाणी नेहमी किंवा अधूनमधून पीत असत, सहांविषयी माहिती मिळू शकली नाही आणि सहा जण ते पाणी पीत नसत असे सांगण्यात आले.

आतल्या बाजूस वाचलेल्यांची कथा अधिकच बोलकी आहे. पोलंड स्ट्रीटवर निराधारांसाठी चालविले जाणारे वर्कहाउस पटकीने उद्ध्वस्त झालेल्या घरांनी तीन बाजूंनी वेढलेले होते. त्यातील ५३५ आश्रितांपैकी केवळ पाच पटकीने गेले. तेथे स्वतःची विहीर होती आणि पंपाचे पाणी कधीच आणले जात नसे. ब्रॉड स्ट्रीटवरच मद्याचा एक कारखाना होता. त्यातील सत्तरहून अधिक कामगारांपैकी एकही पटकीने दगावला नाही; तेथेही स्वतःची विहीर होती, आणि कामगारांना कारखान्यातच मद्य मिळत असल्याने ते पाण्याच्या वाटेला जात नसत. मद्याविरुद्ध भाषण देणाऱ्या स्नो यांनी ही माहिती जशीच्या तशी नोंदविली. याउलट त्याच रस्त्यावरील बंदुकीच्या टोप्या बनविणाऱ्या कारखान्यात कामगारांसाठी पंपाच्या पाण्याने भरलेली दोन पिंपे ठेवलेली असत. तेथील सुमारे अठरा जण मृत्युमुखी पडले.

सर्वांत निर्णायक उदाहरण मात्र रेषेपासून कित्येक मैल दूरचे निघाले. हॅम्पस्टेड या उपनगरात एक वृद्ध विधवा २ सप्टेंबर रोजी पटकीने मरण पावली. आसपास साथीचा मागमूस नव्हता आणि ती कित्येक महिने ब्रॉड स्ट्रीटकडे फिरकलीही नव्हती. तिच्या मुलाकडे चौकशी केल्यावर उलगडा झाला. पूर्वी ती ब्रॉड स्ट्रीटला राहत असे. तेथील पाण्याची चव तिला इतकी आवडे की, रोज गाडीबरोबर त्या पंपाच्या पाण्याची एक मोठी बाटली तिच्यासाठी पाठविली जाई. ३१ ऑगस्टला भरलेले पाणी तिने त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी घेतले. तिला भेटावयास आलेल्या भाचीनेही ते प्यायले. ती इस्लिंग्टनला परतली आणि तीही गेली. हॅम्पस्टेडची हवा स्वच्छ होती. तेथे ब्रॉड स्ट्रीटवरून पोहोचले होते ते फक्त पाणी.

७ सप्टेंबरच्या संध्याकाळी स्नो यांनी सेंट जेम्स पॅरिशच्या पालक मंडळाची भेट घेऊन आपली माहिती मांडली. मंडळाला ती पूर्ण पटली होती असे नव्हे; तरीही दुसऱ्या दिवशी, ८ सप्टेंबर रोजी, पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. साथ त्याआधीच ओसरू लागली होती, लोक वस्ती सोडून गेले होते, हे स्नो यांनी स्वतः प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. दांडा काढण्याचे महत्त्व पुढील वर्षी उघड झाले, आणि ते उघड केले त्यांच्याशी असहमत असलेल्या एका गृहस्थाने. सेंट ल्यूक चर्चचे तरुण धर्मोपदेशक हेन्री व्हाइटहेड यांना स्नो यांचे मत अजिबात मान्य नव्हते. ते खोडून काढण्यासाठी त्यांनी त्याच वस्तीत घरोघर फिरून स्वतंत्र चौकशी केली आणि जितके खोलात गेले तितके ते स्नो यांच्या बाजूला आले. नोंदी चाळताना त्यांना आढळले की, पंपाला लागून असलेल्या ४० क्रमांकाच्या घरात साथीच्या आधी काही दिवस एक तान्हे बाळ जुलाबाने आजारी होते. त्याची आई दुपटी धुतलेले पाणी तळघराजवळच्या मैलाखड्ड्यात ओतत असे. खड्डा उकरून पाहिला, तेव्हा त्याच्या विटा ढासळलेल्या दिसल्या. विहिरीपासून तो तीन फुटांच्याही आत होता आणि मैला झिरपल्याच्या खुणा स्पष्ट होत्या. त्या बाळाच्या वडिलांना ८ सप्टेंबरलाच, म्हणजे दांडा निघाला त्याच दिवशी, पटकीची लागण झाली. त्यांचीही घाण त्याच खड्ड्यात गेली असणार. पंप चालू राहिला असता तर साथ पुन्हा उसळली असती, असे व्हाइटहेड यांचे अनुमान होते.

त्याच वर्षी लंडनच्या दक्षिण भागात स्नो यांनी केलेले काम याहून व्यापक होते; तेथे मात्र समदूर रेषेचा काहीही उपयोग नव्हता. तेथे दोन पाणी कंपन्यांचे नळ एकाच गल्लीत, एकाआड एक घरांत गेलेले होते. कोणतीही रेषा काढून त्यांची विभागणी करणे शक्य नव्हते. अंतराचा निकष निरुपयोगी झाल्यावर स्नो यांनी दुसरा शोधला. ज्या घरच्या मंडळींना आपल्या कंपनीचे नावही सांगता येत नसे, तेथील पाण्यातील मिठाचे प्रमाण ते रासायनिक परीक्षेने ठरवीत. शहराच्या गटारांखालून पाणी उचलणाऱ्या साउथवर्क अँड वॉक्सहॉल कंपनीच्या पाण्यात ते, नदीच्या वरच्या बाजूने पाणी घेणाऱ्या लँबेथ कंपनीच्या पाण्याच्या सुमारे चाळीसपट होते. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत पहिल्या कंपनीच्या ४०,०४६ घरांत १,२६३ मृत्यू झाले, तर दुसरीच्या २६,१०७ घरांत ९८. म्हणजे दर दहा हजार घरांमागे ३१५ विरुद्ध ३७.

हे सर्व संशोधन १८५५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्यासाठी स्नो यांनी पदरचे दोनशेहून अधिक पौंड खर्च केले आणि तितके शिलिंगही परत आले नाहीत. पॅरिशच्या चौकशी समितीने त्यांचे म्हणणे स्वीकारले. सरकारच्या आरोग्य मंडळाने फेटाळले. १० जून १८५८ रोजी क्लोरोफॉर्मवरील ग्रंथाचे हस्तलिखित पूर्ण करीत असताना त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि १६ जून रोजी, वयाच्या अवघ्या ४५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ब्रॉम्प्टन येथील दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती मिळाली. लॅन्सेट या प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकाने त्यांच्या निधनाची दखल चार ओळींत घेतली. तीत पटकीचा उल्लेखही नव्हता. ही उणीव त्या नियतकालिकाने २०१३ मध्ये, त्यांच्या जन्मास दोनशे वर्षे झाल्यावर, भरून काढली. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये पटकीचा जंतू निश्चित केला, तोपर्यंत स्नो यांना जाऊन पाव शतक उलटले होते.

समदूर बिंदूंनी प्रदेशाची वाटणी करण्याची रीत मात्र स्वतंत्रपणे पुढे गेली. जर्मन गणितज्ञ डिरिक्ले यांनी १८५० मध्ये आणि रशियन साम्राज्यातील गणितज्ञ व्होरोनॉय यांनी १९०८ मध्ये तिचे गणिती रूप मांडले. १९११ मध्ये अमेरिकेतील हवामानतज्ज्ञ थीसेन यांनी पर्जन्यमापक केंद्रांसाठी ती वापरली. दोन केंद्रांमधील लंबदुभाजक काढून कोणत्या केंद्राचा पाऊस किती क्षेत्राला लागू धरावयाचा हे ठरविण्याची ही पद्धत जलविज्ञानाच्या अभ्यासक्रमात आजही शिकविली जाते.

१८६६ मध्ये पटकी लंडनच्या पूर्व भागात पुन्हा आली. सरकारी सांख्यिकीतज्ज्ञ विल्यम फार हे पूर्वी दूषित हवेच्या बाजूचे होते; या वेळी त्यांनी प्रथम पाणीपुरवठ्याच्या नोंदी तपासल्या आणि दोष एका कंपनीच्या उघड्या तलावापर्यंत नेऊन भिडविला. त्या चौकशीत मदतीला हेन्री व्हाइटहेड होते. स्नो यांना जाऊन तोवर आठ वर्षे झाली होती. व्हाइटहेड यांनी मात्र त्यांचे चित्र आपल्या अभ्यासिकेत लावले आणि ते तेथे अखेरपर्यंत राहिले.